तक्रार लिहून घेणारा आणि गाडी उघडणारा

गेल्या वर्षी माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूने एक आवाज येऊ लागला. डावे चाक एकटेच खड्ड्यात उतरले की धातूवर धातू आपटल्यासारखा 'टक्' असा कोरडा आवाज यायचा. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली तर मात्र काहीच ऐकू यायचे नाही, आणि वेग वाढल्यावरही तो विरून जायचा. डीलरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे सगळे मी सविस्तर सांगितले. समोरच्या सर्व्हिस ॲडव्हायजरने मान डोलावत ऐकून घेतले आणि जॉब कार्डावर लिहिले, 'पुढून आवाज. तपासणे.' मी त्याखाली सही केली. त्या सहीची किंमत मला दोन खेपांनंतर कळली.

पहिल्या खेपेला पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले गेले. ते जुने झाले आहेत असे सांगण्यात आले आणि गाडीचे वय पाहता मला ते पटलेही. बिल भरून बाहेर पडले आणि पहिल्याच खड्ड्यात तोच आवाज आला. दुसऱ्या खेपेला 'टेस्ट ड्राइव्हमध्ये आवाज आढळला नाही' असा शेरा मिळाला, कारण ती टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर झाली होती. तिसऱ्या खेपेला मी हट्टच धरला की जो मेकॅनिक गाडी उघडणार आहे त्यालाच शेजारी बसवून मी स्वतः गाडी चालवून दाखवीन. नाखुशीने का होईना, ते मान्य झाले. काही मिनिटांत त्याने आवाज ऐकला, 'दोन्ही चाकं एकदम गेली तर येत नाही ना?' एवढेच विचारले आणि स्टॅबिलायझर बारची लिंक, म्हणजे तो बार चाकाच्या बाजूला जोडणारा छोटा दांडा, खराब असल्याचे सांगितले. ती बदलल्यावर आवाज गेला तो गेलाच.

त्याने विचारलेला प्रश्न म्हणजे मी पहिल्या दिवशी सांगितलेले वाक्यच होते. स्टॅबिलायझर बार दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडलेला असतो आणि एक चाक वर व दुसरे खाली गेले की तो पिळला जातो; दोन्ही चाके बरोबरीने वरखाली झाली तर त्याच्यावर फारसा ताण येत नाही. त्यामुळे लिंकचा सांधा ढिला झाला की आवाज नेमका एका चाकाच्या खड्ड्यात येतो. शिवाय गाडी लिफ्टवर उचलली की दोन्ही चाके सारखीच लोंबतात आणि तो ढिलेपणा हाताला सहज जाणवत नाही. म्हणजे दोष ओळखण्याची खूण माझ्या बोलण्यात होती, ती कागदावर उतरली नाही आणि कागद वाचून काम करणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही.

हे सगळे त्या ॲडव्हायजरच्या आळसामुळे झाले असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते अपुरे वाटते. जो तक्रार लिहून घेतो तो गाडी उघडत नाही आणि जो गाडी उघडतो त्याला ग्राहक भेटत नाही, अशीच या कामाची मांडणी असते. त्यातच लिहून घेणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी विक्रीचे लक्ष्य दिलेले असते, आणि मेकॅनिकच्या प्रत्येक कामाला ठरावीक वेळ लावलेला असतो : हा भाग बदलायला इतके तास, तो बदलायला तितके. लेबर त्या हिशोबाने लागते आणि पुष्कळदा मेकॅनिकची कमाईही त्यावरच ठरते. दोष शोधायला किती वेळ लागेल हे मात्र आधी कोणालाच सांगता येत नाही. जिथे शोधण्याचे पैसे मिळत नाहीत आणि बदलण्याचे मिळतात, तिथे अंदाजाने भाग बदलले जाणार, यात मला तरी नवल वाटत नाही. (गाडी माझ्या नावावर आहे आणि चालवतेही मीच; तरी माझ्या प्रश्नांची उत्तरे सोबत आलेल्या भावाकडे पाहून दिली जात होती, ही गोष्ट वेगळी.)

जी गोष्ट तक्रारीची, तीच सल्ल्याची. 'ब्रेक पॅड संपत आलेत' या वाक्याला काही अर्थ नाही. पॅड किती मिलिमीटर उरले आहेत याला आहे. नवे पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतात आणि ३ मिलिमीटरच्या आसपास आल्यावर ते बदलतात. ६ उरले असतील तर घाई कशाची, हे विचारायला हरकत नसावी. ब्रेक ऑइलचे मात्र उलट आहे. ते पाहून स्वच्छ वाटले तरी हवेतली आर्द्रता शोषत राहते; डॉट ४ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली बसू शकते. म्हणून अनेक कंपन्या ते दर २ वर्षांनी बदलायला सांगतात आणि तो सल्ला धुडकावणे शहाणपणाचे नाही. इंजिन फ्लश किंवा इंजेक्टर क्लीनिंग सुचवले गेले की मी मॅन्युअलमधले पान उघडून ते वेळापत्रकात कुठे आहे, एवढेच विचारते. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला म्हणून अंदाज संपतो असेही नाही. पी०४२० हा कोड आला की 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर', म्हणजे एक्झॉस्टमधला धूर कमी घातक करणारा भाग, 'गेला' असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात तो कोड एवढेच सांगतो की कन्व्हर्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या ऑक्सिजन सेन्सरचे संकेत ताडून पाहता कन्व्हर्टरचे काम पुरेसे दिसत नाही. कारण मागचा सेन्सर असू शकतो, एक्झॉस्टमधली बारीक गळती असू शकते किंवा खरोखर कन्व्हर्टरही असू शकतो. त्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे मौल्यवान धातू असतात, तेव्हा तो 'बदलून पाहू' म्हणण्याआधी गळती तपासली का, हे विचारणे मालकाचा हक्क आहे.

आपणही काही कमी नसतो. इंटरनेटवर दोन व्हिडिओ पाहून आपण 'क्लच प्लेट बदला' असे फर्मावतो. ती बदलली जाते, दोष राहतो आणि मग आपण फसवले गेल्याचे सांगत फिरतो. निव्वळ तपासणीचे पैसे मागितले की 'नुसतं बघायचे कसले पैसे?' असा वाद घालणारेही आपणच असतो. मीही घातला आहे.

आता मी तक्रार घरीच लिहून नेते : आवाज कोणत्या बाजूने, कोणत्या वेगात, इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, ब्रेक दाबल्यावर की वळताना. निदान मात्र लिहीत नाही. तो मजकूर जॉब कार्डावर जसाच्या तसा उतरल्याशिवाय आणि 'विचारल्याशिवाय कोणतेही जादा काम करू नये' ही ओळ त्याखाली आल्याशिवाय सही करत नाही. वॉरंटीतल्या गाडीसाठी तर त्या कागदाची प्रत जपावीच लागते, कारण दोष मुदतीत सांगितला होता याचा पुरावा तोच असतो. रांगेतले लोक वैतागतात, ॲडव्हायजर घड्याळाकडे पाहतो, पण लिहून देतो. बदललेले जुने भागही मी आता परत मागते. ते शॉक ॲब्सॉर्बर मात्र त्या वेळी मागितले नव्हते, त्यामुळे ते खरेच निकामी झाले होते की नाही, हे मला आजही माहीत नाही.