‘एरु’ आलं की सकर्मक? हा नियम आधी खोडा

जपानी शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: सारखी वाटणारी क्रियापदं फ्लॅशकार्डांनी झटपट पाठ करण्याचे चार ‘नियम’. एन-४ ची (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली एक पातळी) तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने ते वहीत उतरवूनही घेतले. म्हणून हे लिहितोय.

‘शेवटी एरु आलं की क्रियापद सकर्मक.’ सगळ्यात घातक हाच. आकेरु (दार उघडणे) आणि शिमेरु (दार लावणे) एवढ्यावरून नियम ठोकून दिलाय. मग देरु (बाहेर पडणे) आणि किएरु (विझणे) यांचं काय? वारेरु (फुटणे), ओरेरु (मोडलं जाणे), याकेरु (भाजलं जाणे), उरेरु (विकलं जाणे) ही सगळी एरु-वाली आणि सगळी अकर्मक. सकर्मक आहेत ती त्यांच्या जोडीतली वारु (फोडणे), ओरु (मोडणे), याकु (भाजणे), उरु (विकणे). म्हणजे नियम पाळला की नेमकं उलटं पाठ होतं.

आणि हे फक्त परीक्षेतल्या गुणांवर भागत नाही. कुणाच्या घरी हातून कप पडला तर आपण ‘माझ्याकडून कप फुटला’ म्हणतो, त्यात कबुली असते. त्याच वळणाने ‘कोप्पु गा वारेमाशिता’ म्हटलंत, तर कप आपला आपणच फुटला, असा अर्थ होतो. समोरच्याला वाटतं, हा अंग झटकतोय. माफी मागताना ‘कोप्पु ओ वात्ते शिमाइमाशिता’ (मी कप फोडला) असंच म्हणायला हवं.

एवढं मान्य करतो, की जोडीतलं एक ‘सु’ने संपत असेल (केसु म्हणजे विझवणे, दासु म्हणजे बाहेर काढणे, ओतोसु म्हणजे पाडणे) तर तेच सकर्मक असतं. शिमारु (दार लागणे)–शिमेरु अशा आरु–एरु जोडीत बहुतेक वेळा एरु-वालं सकर्मक निघतं. फॉरवर्डवाल्याने यातलं अर्धंच उचललं.

‘जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिका.’ नाही! नवे शब्द कसे पाठ होतात यावर टिंकम या संशोधकांनी 1993 मध्ये आणि वेअरिंग यांनी 1997 मध्ये, तेही जपानी भाषकांवर, प्रयोग केले. अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत मिसळतात आणि पाठ व्हायला जास्त वेळ लागतो. प्रयोगातले शब्द बनावट होते हे खरं, पण गोंधळ तोच. आधी आकु (दार आपणहून उघडणे) पक्कं होऊ द्या, मग आकेरु घ्या. शेजारी ठेवून तुलना त्यानंतर.

‘कार्डामागे एकच इंग्रजी शब्द.’ आकु म्हणजे ओपन, आकेरु म्हणजेही ओपन. मग ओळखणार कसं? मराठीत ‘उघडणे’ला हीच अडचण आहे, पण ओचिरु–ओतोसु म्हणजे पडणे–पाडणे आणि वारेरु–वारु म्हणजे फुटणे–फोडणे. जो फरक आपल्या भाषेत आयता आहे, तो इंग्रजीतून कशाला पुसायचा?

‘उदाहरणवाक्य नको, वेग कमी होतो.’ होऊ दे कमी. पुढे ‘दोआ गा ___’, मागे आकु. दुसऱ्या कार्डावर ‘दोआ ओ ___’, मागे आकेरु. (दोआ म्हणजे दार; ‘गा’ कर्त्यामागे लागतो, ‘ओ’ सहसा कर्मामागे.) फक्त ‘ओ’ दिसला की सकर्मकच, असा नवा नियम करू नका. ‘इए ओ देरु’ म्हणजे घरातून निघणे, आणि देरु अकर्मकच आहे.