आधीच्यांचे खिळे

करारनाम्याच्या दिवशी घरमालक म्हणाले, "बाकी आमची काही अट नाही. फक्त भिंतीला खिळा ठोकायचा नाही."

"एकही नाही?"

"आहेत तेवढे पुष्कळ आहेत की!"

मी हसून सोडून दिलं. कारण माझं सगळं लक्ष अंगठ्याकडे होतं. एजंटाने आणलेल्या त्या यंत्राला माझा अंगठा काही केल्या पटेना. "काका, जरा हात धुऊन या," असं तो पंचविशीतला मुलगा तीनदा म्हणाला. पहिल्यांदा हात धुतले, दुसऱ्यांदा 'काका' पचवलं, तिसऱ्यांदा अंगठा डोक्यावरच्या तेलाला पुसला. मग एकदाची हिरवी खूण आली आणि आम्ही नारायण पेठेतून ११ महिन्यांसाठी धायरीकर झालो.

हे ११ महिनेही गमतीचेच. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून लोकांनी ११ ची पळवाट काढली. पुढे महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे कायद्याने असल्या करारांना, मुदत कितीही असो, नोंदणी सक्तीची केली. पळवाट बुजली, ११ तसेच राहिले. तोही कोणीतरी आधीच्यांनी ठोकून ठेवलेला खिळाच म्हणायचा.

सामान हलवायला आलेल्या मुलांनी ३१ खोकी भरली. "प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहा हं," असं मी चार वेळा बजावलं होतं. त्यांनी इमानेइतबारे ३१ खोक्यांवर लिहिलं: 'सामान'.

नव्या घरात दूध उतू गेल्याशिवाय कोणी चहा मागायचा नाही, असा आईचा हुकूम. पातेली 'सामान'मध्ये. शेवटी कुकरच्या भांड्यात, इंडक्शनवर दूध ठेवून आम्ही तिघं भोवती उभे राहिलो. जुन्या घरी मी पाठ वळवायचा अवकाश, की ओट्यावर दुधाचा पाट वाहायचा. इथे ते साय धरून शांत बसलं. "सगळे दुसरीकडे बघा," आई म्हणाली. आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, आणि तेव्हा मला पहिला खिळा दिसला.

रात्रीपर्यंत बायकोने सगळ्या खिळ्यांचा शोध लावून कागदावर नकाशा काढला. एकूण नऊ. हॉलमध्ये, जिथे माणसं बसतात तिथे, एकही नाही. एक बाथरूमच्या बरोबर समोर, पॅसेजमध्ये. एक स्वयंपाकघरात, पाण्याच्या फिल्टरच्या वर. एक चपलांच्या स्टँडपाशी, जमिनीपासून तीन फुटांवर. एक मुख्य दाराच्या मागे, थेट घोट्याच्या उंचीवर. एक बेडरूममध्ये छताला टेकून. उरलेले चार हलत होते, त्यांना टॉवेलसुद्धा पेलला नसता.

आपल्या घरात काय कुठे लावायचं हे आता आधीच्या भाडेकरूंच्या हातात होतं. कालनिर्णय चपलांपाशी गेलं. तेव्हापासून एकादशी बघायची तर उकिडवं बसावं लागतं. घड्याळ बाथरूमसमोर गेलं. हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्याने "किती वाजले?" विचारलं की आमच्यापैकी एक जण उठून बाथरूमच्या दिशेने जातो आणि तिथून आकडा ओरडतो.

प्रश्न अण्णांच्या फोटोचा होता. फ्रेम जुनी, सागवानी, वजनदार. तिला पेलेल असा एकच खिळा, फिल्टरवरचा. मी चाचरत आईला विचारलं. तिने दिशा पाहिली, भिंत दक्षिणेची निघाली. "लाव तिथेच," ती म्हणाली. "जन्मात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही त्यांनी. आता बघू देत, काय काय असतं ते."

अण्णांना बघायला भरपूर मिळालं. तुरीची डाळ सात शिट्ट्यांनंतरही वरणात मोत्यांसारखी वेगवेगळी. आईने आधी किराणावाल्याला दोष दिला, मग कुकरला, मग मला. समोरच्या काकूंनी उलगडा केला: नळाला बोअरचं पाणी. आमच्याकडच्या काळ्या पाषाणातून ते वर येताना कॅल्शियम घेऊन येतं आणि तशा जड पाण्यात डाळ शिजायला मागत नाही. बादल्यांवर पांढरी रांगोळी उमटते ती त्याचीच. खडकवासल्याचं धरण जुन्या घरापेक्षा इथून कितीतरी जवळ, आणि आम्ही मात्र टँकरच्या हॉर्नकडे कान लावून! आता आई फिल्टरच्या पाण्यात डाळ लावते आणि तांब्या भरेपर्यंत फोटोशी बोलते. संसारात एवढं सलग बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही.

पाणी येतं सकाळी साडेसहाला, आणि सात वीसला वॉचमन व्हॉल्व्ह बंद करतो. हा माणूस इतर कुठल्याही बाबतीत वेळेवर नसतो. तिसऱ्या दिवशी डोक्याला शाम्पू लावलेला असताना नळाने एक उसासा टाकला आणि संपला. त्या दिवशी मी अर्धी अंघोळ बिसलरीने केली. चौथ्या दिवशी दार किलकिलं ठेवून एका डोळ्यातला फेस पुसला. समोर घड्याळ. सात सोळा. चार मिनिटं! भराभर पाणी ओतून घेतलं आणि ओलाच नकाशापाशी गेलो.

"तो खिळा चुकून नाही ठोकलेला," मी बायकोला म्हणालो.

"आधी अंग पुसा."

आषाढात सिंहगडाकडून वारा सुटला. बायको ओला कचरा ठेवायला दाराबाहेर गेली आणि मागे दार धाडकन आपटलं. किल्ली आत, फोन आत, गॅसवर दूध. मी ऑफिसात, आई कानात ऐकण्याचं यंत्र न घालता पोथी वाचत. पाऊण तासाने चावीवाला ६०० रुपये घेऊन गेला, आणि दूध इतकं उतू गेलं होतं की त्यात तीन गृहप्रवेश झाले असते.

संध्याकाळी मी दारामागे पालथा पडून घोट्याजवळचा तो खिळा नीट पाहिला. डोकं घासून चकचकीत झालेलं, आणि मुळाशी निळ्या नायलॉनच्या दोरीचा बोटभर तुकडा. मी एक दोरी आणली, एक टोक कडीला, दुसरं खिळ्याला. वारा आला. दार जागचं हललं नाही.

आता उरला फक्त बेडरूममधला, छताला टेकलेला. स्टुलावर चढूनही माझा हात पुरत नाही. परवा मी म्हणालो, "हा मात्र उगाच ठोकलाय कोणीतरी."

आईने मान वर करून बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "थांब जरा. अजून आपला इथे उन्हाळा कुठे झालाय?"