आधार जोडल्याने शिवीगाळ थांबत नाही

आत्याने परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि संध्याकाळपर्यंत तोच आणखी दोन ग्रुपांत फिरत होता. म्हणणं असं: सोशल मीडियाचं प्रत्येक अकाउंट आधारला जोडा, खऱ्या नावाशिवाय कुणाला लिहू देऊ नका. दक्षिण कोरियाने हे केलं आणि तिथली शिवीगाळ थांबली. प्रामाणिक माणसाला नाव लपवावं लागतच नाही.

कोरियात २००७ साली मोठ्या वेबसाइटवर लिहिण्यासाठी ओळख पटवणं सक्तीचं झालं, एवढं खरं. पुढचं मेसेजमध्ये नाही. जुलै २०११ मध्ये 'नेट' आणि 'सायवर्ल्ड' या साइटवरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्याच पाच कोटींची. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती एकमताने रद्द केली. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय कमी झाल्याचं दिसत नाही, हे त्यामागचं एक कारण.

प्रामाणिकपणाचं ते वाक्य मात्र मला सहन होत नाही. आपल्याकडे आडनाव कळलं की समोरचा लगेच जात ताडतो. वसतिगृहात जातीवरून होणाऱ्या छळाबद्दल लिहिणाऱ्या पोराने आडनावासकट लिहायचं आणि रात्री त्याच खोलीत झोपायला जायचं? माझी एक मैत्रीण सासरच्या मारहाणीबद्दल टोपणनावाने लिहिते. गाव, नवऱ्याचा धंदा, मुलांची वयं, सगळं बदलून लिहिते, कारण तालुका लहान आणि दीर दिवसभर फेसबुकवर. यात अप्रामाणिक काय आहे? बलात्कार पीडितेची ओळख जाहीर करणं आपल्या कायद्यात गुन्हा आहे, तो अशाच भीतीपोटी. आणि १८४८पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. त्यांनीही 'लोकहितवादी' याच नावाने लिहिलं.

निनावी अकाउंटवरून बायकांना घाणेरड्या धमक्या येतात, हे मान्य करावंच लागेल. पण कितीतरी लोक स्वतःच्या नावाने, बायकोमुलांसोबतचा फोटो लावून शिव्या देतात. कुठल्याही राजकीय पोस्टखाली बघा. धमकी देणाऱ्याला शोधायची सोयही आहे. सिम ओळखपत्राशिवाय मिळत नाही, आणि २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे अधिकृत तपास यंत्रणेने लेखी मागितलेली माहिती कंपनीला ७२ तासांत द्यावी लागते. तक्रार नोंदवून ती मागवणं पोलिसांचं काम. ते होत नसेल तर त्यासाठी भांडा, माझ्या मैत्रिणीचं नाव कशाला मागता?