मेणबत्तीचा ताळेबंद

शाळा सुटल्यावर मुलांचा सायन्स क्लब घ्यायचा, आठवड्यातून एकदा, फक्त तासभर, असं मला सांगितलं होतं. आधीचा तास काड्यापेटी शोधण्यात आणि नंतरचा लादी पुसण्यात जातो हे कोणी बोललं नाही. त्यात मी अकाउंट्सवाला, पण "तुम्ही मुलांना काय मस्त समजावता हो" म्हटलं की आपण हरभऱ्याच्या झाडावर चढलोच!

पहिल्यांदा सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी केला, टाळ्या पडल्या, डोकं फिरलं. दुसऱ्यांदा मेणबत्ती काढली. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानं १८६० च्या नाताळात लंडनला मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा लेक्चरं दिली होती, मला चाळीस मिनिटं काय जड आहेत.

ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. ज्योत बारीक झाली, विझली, आणि पाणी सुर्रकन ग्लासात चढलं. मी छाती फुगवून, "बघा, हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, त्याची जागा पाण्यानं घेतली!" लहानपणापासून हेच ऐकत आलोय.

दोन वेण्यांवाली एक जण ग्लासाला नाक लावून बसलेली. "काका, पण जळत होती तेव्हा पाणी चढलंच नाही. विझल्यावर चढलं."

"अगं, वेळ लागतो थोडा."

"आणि ग्लास ठेवल्यावर कडेनं बुडबुडे आले, ते कसले?"

मी म्हटलं छान प्रश्न आहे, पुढच्या वेळी बघू. (हे वाक्य पाठ असल्याशिवाय कोणी व्हॉलंटियर होऊ नये.)

घरी जाऊन वाचलं. ज्योतीनं हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते, विझल्यावर उरलेली गार होऊन आकसते आणि बाहेरचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन तर सगळा जळतही नाही, आणि जो जळतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जमा होतेच की. म्हणजे मी खर्च दाखवला आणि जमेची बाजू कोरी! माझ्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला उभा आडवा घेतला असता.

पुढच्या वेळी मुकाट्यानं कबूल केलं. तर बाईसाहेब घरून तीन मेणबत्त्या घेऊन आलेल्या. तिन्ही एकाच ग्लासाखाली. हवा तेवढीच, पण पाणी आधीपेक्षा वर.

"पुढच्या वेळी काय, काका?"

"चुंबक."

तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही.