किन्शासाचं स्टेडियम मोबुतूचं नव्हे

घरच्या ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड भाच्याने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहावं लागतंय. काँगोचा हुकूमशहा मोबुतू आणि किन्शासात १९७४ साली झालेली मुहम्मद अली-जॉर्ज फोरमन मुष्टियुद्धाची लढत, यांबद्दलचा दावा असा: "मोबुतूने अली-फोरमन लढतीसाठी जंगल तोडून आफ्रिकेतलं पहिलं स्टेडियम बांधलं. फुटबॉलच्या नादात रमलेल्या काँगोला स्वातंत्र्यही रक्ताचा थेंब न सांडता मिळालं."

कसलं जंगल? १९७४ साली किन्शासा, म्हणजे काँगोची राजधानी, दहा लाखांवर वस्तीचं शहर होतं. स्टेडियम १९५२ चं, बेल्जियन अमलातलं. राफाएल द ला केथ्यूल या मिशनऱ्याच्या पुढाकाराने उभं राहिलं आणि बेल्जियमच्या राजाचं, बोदुआँचं, नाव लागलं. 'पहिलं'ही नाही, अलेक्झांड्रियाचं स्टेडियम १९२९ चं आहे.

खरी चीड येते ती 'रक्ताचा थेंब' वाचून. अहो, रक्त याच स्टेडियमच्या परिसरात सांडलंय! ४ जानेवारी १९५९, रविवार. स्वातंत्र्य मागणाऱ्या अबाको पक्षाच्या सभेला परवानगी मिळाली नव्हती. तरी माणसं जमली. पक्षाचे नेते कासावुबू यांनी त्यांना घरी जायला सांगितलं, पण कोणी हलेना. तेवढ्यात स्टेडियममधली फुटबॉल मॅच सुटली. स्थानिक संघ व्हिटा क्लब हरलेला, हजारो प्रेक्षक आधीच तापलेले. ते बाहेर पडले आणि थेट या गर्दीला येऊन मिळाले. पुढे दगडफेक, जाळपोळ, गोळीबार. सरकारी हिशेबात मृत पन्नासच्या आत, पण खरा आकडा त्याहून कितीतरी मोठा असल्याचं तेव्हापासून बोललं जातं. बेल्जियन संसदेने चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालातही बेकारी आणि वर्णभेद ही कारणं आहेत. सरकारी कागदच हे सांगतो, आणि आमचा फॉरवर्ड म्हणे नादात रमलेले! १३ जानेवारीला बोदुआँने रेडिओवरून स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं. स्टेडियमला नाव त्याचंच.

मोबुतूने लढतीसाठी स्टेडियमची डागडुजी करून घेतली, एवढं मात्र खरं. त्याआधी त्याने आपल्या पक्षाच्या स्थापनेची तारीख त्याला चिकटवली होती: '२० मे स्टेडियम'. मोबुतू १९९७ मध्ये गेला, तारीखही गेली. आज ते ताता राफाएल, म्हणजे त्याच मिशनऱ्याच्या नावाने चालतं.

लढत ३० ऑक्टोबरला पहाटे चारच्या सुमारास झाली, अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीने. भाच्याने हवं तर हे लिहावं. जंगलाचं चित्र चिकटवलंय, ते आधी काढायचं.