शेंगदाण्यानं आतडं फुटत नाही, आत्या

‘आतड्यात कप्पे झालेत? घरीच बरे करा!’ असा एक मेसेज फिरतोय. तो तासगावच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिनं शेंगदाण्याच्या कुटाचा डबाच शेजारी देऊन टाकला. मोठं आतडं दुर्बिणीनं आतून बघतात त्या कोलोनोस्कोपीत तिला डायव्हर्टिक्युलोसिस निघालंय. म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीला जागोजागी छोट्या पिशव्या आल्यात. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही, तिलाही नाही. आता मात्र भाजीत कूट नाही, वांगं नाही, टोमॅटो नाही, भडंग तर नावालाही नाही. कारण मेसेज म्हणतो, ‘बी पिशवीत अडकते, सडते, आतडे फुटते.’

हे पूर्वी डॉक्टरही सांगायचे, हे मान्य. पण तो अंदाज होता, कुणी तपासला नव्हता. अमेरिकेत 40 ते 75 वयाच्या 47 हजारांवर पुरुषांवर 18 वर्षं नजर ठेवली आणि 2008 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना पिशव्या सुजण्याचा किंवा त्यातून रक्त जाण्याचा धोका जास्त नव्हता. उलट आठवड्यातून दोनदा तरी दाणे किंवा पॉपकॉर्न खाणाऱ्यांत सूज कमीच आढळली. अभ्यास पुरुषांचा होता, ते आत्याला लागू कसं, असं कुणी विचारेल. विचारा, पण मेसेजवाल्यानं कुणाला तपासलं तेही विचारा. वांगी, पेरू, दाणे बंद केले की चोथाही गेला. मग बद्धकोष्ठ, मग मेसेजातला पुढचा उपाय.

तो उपाय म्हणजे ‘दर अमावस्येला एरंडेल घेऊन आतडे धुवा.’ आतडं म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. पिशव्या सुजलेल्या असताना, म्हणजे पोटात डावीकडे खाली सतत दुखतंय, ताप आहे, अशा वेळी जुलाबाचं औषध घेणं धोक्याचं आहे. तेव्हा डॉक्टर गाठायचा. ते काही दिवस पातळ, हलकं खायला सांगतात, पण तेवढ्यापुरतंच.

‘हळद-ताकानं पिशव्या भरून येतात.’ नाही येत. एकदा झाल्या की राहतात. हळद आमच्या सांगलीचीच आहे, तिचा अभिमानही आहे, पण म्हणून काहीही?

‘रक्त पडले तर उष्णता, सब्जा घ्या.’ हे लिहिणाऱ्याला धरून आणला पाहिजे. शौचातून रक्त गेलं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि भळाभळा जात असेल तर रात्र असली तरी.

इसबगोल आणि भरपूर पाणी, एवढं मात्र त्यात बरोबर आहे. इसबगोल पाण्याशिवाय घेऊ नये, इतकंच.

जे लिहायला हवं होतं ते मात्र मेसेजात कुठंच नाही. गुडघ्यासाठी आत्या मेडिकलमधून परस्पर आणते त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या. पिशव्या सुजायचा आणि त्यातून रक्त जायचा धोका त्यांनी वाढतो. कूट गेलं, गोळ्यांची पट्टी अजून उशाशी आहे. पुढच्या तपासणीला ती पट्टी डॉक्टरांसमोर ठेवायची, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.