सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत एक माणूस बसवा

मागच्या वर्षी मिरवणुकीत धक्का लागला एवढ्या कारणावरनं आमच्या ओळखीतल्या एका पोराच्या हातावर सत्तूर बसला. पोराचं वय १९. रात्री साडेअकराला रिक्षात घालून सोलापूरच्या सिव्हिलला नेलं तेव्हा मी सोबत होतो, माझा शर्ट पुढनं सगळा ओला झालेला. त्याची आई विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात, मराठी समजतं तिला, पण घाबरली की तोंडातनं एक शब्द निघत नाही. हवालदार म्हणाले, "ओ अक्का, रडू नका, आधी नाव सांगा." जबाब मराठीत लिहिला, तिनं खाली सही केली, आत काय लिहिलंय ते तिला आजपर्यंत धड माहीत नाही.

आणि त्याच वेळी बाहेर गाड्या लावतात तिथं त्याचे दहा-बारा मित्र जमलेले, फोनवर फोन चाललेत, "सोडायचं न्हाय बे त्याला". मी दोघातिघांना हाताला धरून चहाच्या गाडीवर नेलं, पहाटे चारपर्यंत बसवून ठेवलं, दुसरं काय करणार. नसतो मी तिथं तर त्याच रात्री दुसरं कोणाचं तरी पोरगं त्याच कॅज्युअल्टीत आलं असतं, असं मला अजून वाटतं.

हे सगळं आज लिहितोय कारण माझा भाचा स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत शिकायला गेलाय आणि परवा फोनवर त्यानं तिकडं चाकूबाजी कशी कमी केली ते सांगितलं, मग मी दोन रात्री बसून वाचून काढलं. २००५ ला ग्लासगोच्या पोलिसांनीच हिंसा कमी करायला एक वेगळं युनिट काढलं, जॉन कार्नोकन आणि कॅरिन मॅक्लस्की या दोघांनी. चाकूबाजीकडं साथीच्या रोगासारखं बघायचं, कुठून पसरते, कोणाला लागण होते, मधेच कुठं तोडता येईल. टोळ्यांतल्या पोरांना कोर्टात बोलावून पोलिसांनी सरळ सांगितलं की पुढं मारामारी केली तर अख्ख्या टोळीमागं लागू, आणि त्याच खोलीत डॉक्टर बोलले, जखमी पोराची आई बोलली, टोळी सोडायची असेल तर शिक्षण, नोकरी, मदत आहे हेही सांगितलं. २०१५ पासनं दवाखान्याच्या इमर्जन्सीत नॅव्हिगेटर म्हणून माणसं असतात, त्यातली काही स्वतः त्या आयुष्यातनं बाहेर आलेली. जखमीजवळ बसतात, बोलतात, घरी गेल्यावरही संपर्क ठेवतात. स्कॉटलंडमधले खून तेव्हाच्या मानानं निम्म्याच्याही खाली आलेत. सगळं यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, पण त्या एका रात्रीचं महत्त्व त्यांना कळलं हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडं कायदा कमी आहे असं कोणी सांगू नका. १ जुलै २०२४ पासनं नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. हद्द कोणाची का असेना, तक्रार घ्यावीच लागते. या पोराचं घर कुंभारीकडं म्हणजे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, भांडण शहरात, त्या घोळात आमची अख्खी सकाळ गेली. एफआयआरची कॉपी फुकट द्यायची असते. ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते पीडिताला कळवायचं असतं, कलम १९३ मध्येच आहे. अजून एक, हे तर कोणालाच माहीत नाही, ठाण्याच्या इन्चार्जनं दाखला दिला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जखमीच्या उपचाराची मोफत सोय करायचा आदेश देऊ शकतं, कलम ३९६. आम्हाला कोणी सांगितलं नाही. पोराच्या आईनं गळ्यातलं मोडून औषधं आणली आणि आरोपी जामिनावर सुटला ते तिला पानपट्टीवर कळलं, तो समोर उभा होता तेव्हा.

ज्यानं जबाब लिहिला तो हवालदार आदल्या दिवसापासनं बंदोबस्तावर होता, डोळे लाल झालेले त्याचे. गड्ड्याची यात्रा, जयंत्या, गणपती, निवडणुका, सोलापुरात पोलिसांना बंदोबस्तातनं उसंत कुठं आहे? त्याच्यावर माझा राग नाही. त्याच माणसानं तपास करायचा, गर्दी आवरायची आणि आईला धीर पण द्यायचा, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून म्हणतोय, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळीला एक माणूस बसवा, पोलिस नको, साध्या कपड्यातला, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू यातल्या दोन-तीन भाषा येणारा. कागदावर काय लिहिलंय ते आईला तिच्या भाषेत सांगेल, दाखल्याचा अर्ज भरून देईल, बाहेरच्या पोरांशी बोलेल. आपल्या गल्लीबोळांत अशी माणसं आहेत हो, जी स्वतः त्या नादातनं बाहेर पडलीत आणि पोरं ज्यांचं ऐकतात.

त्या पोराची दोन बोटं अजून मिटत नाहीत. यंत्रमागावर गाठ मारायचं काम होतं त्याचं, ते गेलं. काल त्याची आई दुकानात आली, "अण्णा, केस कुठं आली?" म्हणाली. तपासाची माहिती मागायचा अर्ज मी मराठीत टाइप करून दिलाय, समोर बसवून ओळ न् ओळ तेलुगूत सांगितलाय. यावेळी समजून सही केली तिनं. सोमवारी दोघं ठाण्यात जायलोय.